सॉरी, रिप आणि धीर : दुःखाच्या वेळचे इंग्रजी शब्द



बँकेच्या फॉर्मवरचे आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवरचे इंग्रजी शब्द आपण मागच्या भागांत समजून घेतले. आजचे शब्द कागदावरचे नाहीत. ते दुःखाच्या वेळी तोंडातून येतात किंवा मोबाईलवर उमटतात. सॉरी, रिप, कन्डोलन्स, सिम्पथी, टेक केअर, काउन्सेलिंग.

पूर्वी गावात कुणाच्या घरी मयत झाली, तर हे शब्द कुणाच्या कानावरही पडत नव्हते. आता पुण्याला कंपनीत असलेला भाचा इंग्रजीत लिहितो. छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत बोलतात. गटाच्या व्हॉट्सॲपवर आपणही एकीचं बघून दुसरी तेच टाकतो. यात वाईट काही नाही. पण दुःखातल्या माणसाचं मन हुळहुळं झालेलं असतं. चुकीचा शब्द त्याला लागतो, आणि न समजलेला शब्द कधी कधी मोठा घोळ करतो. म्हणून प्रत्येक शब्दाचं मूळ काय, तो कुणाला म्हणायचा आणि म्हटल्यावर आपल्यावर कोणती जबाबदारी येते, ते आज पाहू.

सॉरी म्हणजे दरवेळी माफी नव्हे

आपल्या बोलण्यात सॉरी म्हणजे माफ करा. धक्का लागला, सॉरी. हप्ता भरायला उशीर झाला, सॉरी. एवढाच अर्थ आपल्याला माहीत असतो.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या सासऱ्यांना हार्ट अटॅक आला. एका मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले, मान खाली घालून म्हणाले, "आय ॲम सॉरी." सासरे गेले होते. ताईंचा दीर तिथंच ओरडायला लागला, "बघा, डॉक्टरनं माफी मागितली! म्हणजे चूक त्याचीच!" पुढचा तासभर तिथं आरडाओरड चालली आणि म्हाताऱ्या सासूबाई कोपऱ्यात एकट्या बसून राहिल्या. त्यांच्याजवळ बसायला कुणाला सुचलं नाही.

हा घोळ एका शब्दाच्या दोन अर्थांचा. जुन्या इंग्रजीत सॉरी हा शब्द दुखणे, ठसठसणे या अर्थाच्या शब्दापासून आला. त्याचं मूळ माफीत नाही, वेदनेत आहे. 'मला वाईट वाटतं' हा त्याचा आधीचा अर्थ. माझ्या हातून चुकलं म्हणून वाईट वाटलं, तर ती माफी. तुमच्यावर दुःख आलं म्हणून वाईट वाटलं, तर ते सांत्वन. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द चालतो. डॉक्टर म्हणाले ते दुसऱ्या अर्थानं. मराठीत ते म्हणाले असते, "वाईट बातमी आहे, आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही," तर कुणाला संशय आला नसता.

याचा अर्थ असा नाही की दवाखान्यात कधी चूक होतच नाही. शंका असेल तर शांतपणे विचारावं : नेमकं काय झालं, किती वाजता झालं, कोणते उपचार दिले. कागद मागावेत. पण नुसत्या सॉरी या शब्दावरून चूक झाली असं धरू नये, आणि चूक नव्हती असंही धरू नये. तो शब्द पुरावा नाही.

सॉरीचा एक कोरडा भाऊ आहे, रिग्रेट. बँकेच्या किंवा ऑफिसच्या पत्रात 'वी रिग्रेट' अशी सुरुवात दिसली, की त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असा असतो. अर्ज नामंजूर. मराठी पत्रात तिथं 'खेद आहे' असं लिहितात. रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगून दिलगिरी व्यक्त करतात, तसाच हा खेद. त्यात रीत असते, ओलावा नसतो. असं पत्र आलं तर खेद वाचून थांबू नका. खाली कारण काय लिहिलंय ते बघा. कागद कमी पडला असेल तर तो लावून पुन्हा अर्ज करता येतो.

रिप गेलेल्याला, कन्डोलन्स राहिलेल्यांना

मोबाईलवर आपण आर, आय, पी ही तीन अक्षरं टाकतो आणि वाचताना रिप म्हणतो. तो शब्द नाही, 'रेस्ट इन पीस' याची आद्याक्षरं आहेत. शांतपणे विसावा घ्या, असा अर्थ. मुळात ही लॅटिन भाषेतली प्रार्थना. ख्रिस्ती लोकांच्या कबरीवर कोरलेली असते. कबरीत निजलेल्या माणसाला चिरविश्रांती मिळो, ही तिच्यामागची कल्पना.

इथं लक्षात ठेवायची गोष्ट एकच. रिप हे गेलेल्या माणसाला उद्देशून आहे. आपली 'भावपूर्ण श्रद्धांजली'सुद्धा गेलेल्यालाच असते. मग मागं राहिलेल्या बाईला आपण काय म्हणालो? काहीच नाही.

कन्डोलन्स हा शब्द मागं राहिलेल्यांसाठी आहे. लॅटिनमध्ये त्याचे दोन भाग : कॉन म्हणजे सोबत, डोलेरे म्हणजे दुःख करणे. सोबत दुःख करणे. आपल्याकडं बायका दारात येतात, गळ्यात पडून रडतात, चुलीला विस्तव नसतो म्हणून पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्याला इंग्रजीत एक शब्द द्यायचा तर तो हाच. शहरातल्या साहेबांना किंवा मुलाच्या शिक्षकांना इंग्रजीतच निरोप पाठवायचा असेल, तर 'माय कन्डोलन्सेस टू यू अँड युवर फॅमिली' एवढं पुरे. तुमच्या आणि तुमच्या घरच्यांच्या दुःखात मी सोबत आहे, असा त्याचा अर्थ. आजारी माणसाला मात्र हा शब्द चुकूनही पाठवू नका. तो फक्त मृत्यूनंतरचा आहे.

प्रत्येक घरची रीत वेगळी असते, तिचाही मान ठेवावा. बौद्ध घरात आदरांजली म्हणतात, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात. मुसलमान शेजारीण 'सब्र करो' म्हणते. आपल्या मराठीतली सबुरी त्या सब्रचीच बहीण. ज्यांच्या घरी जायचं, त्यांच्या घरचा शब्द आपल्या तोंडात असला तर तो जास्त जवळचा वाटतो. सगळ्यांना एकच रिप टाकली तर ती कुणाचीच होत नाही.

नवरा गेलेली एक मैत्रीण मला म्हणाली होती, "ताई, फोनवर दोन दिवस नुसती रिप-रिप चालू होती. दारात मात्र कोरडं." त्या रिप-रिप शब्दावर हसू येतं, आणि लगेच जीभ चावावी वाटते.

पिटी, सिम्पथी, एम्पथी : डोक्यावरचा भारा

हे तीन शब्द शिकलेली माणसंही एकमेकांत मिसळतात. आपण आपल्या रोजच्या गोष्टीवरून समजून घेऊ.

समजा, एक बाई कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन शेतातून येतेय. मान दुखतेय, अजून बरंच चालायचंय.

पहिली बाई बांधावरून बघते, "बिच्चारी! काय नशीब बाईचं," म्हणते आणि निघून जाते. ही पिटी. मराठीत कीव. कीव करणारी वर उभी असते आणि जिची कीव करायची ती खाली.

दुसरी बाई थांबते. म्हणते, "लई जड दिसतंय गं, वाईट वाटतं बघून." ही सिम्पथी. ग्रीक भाषेत सिम म्हणजे सोबत, पॅथॉस म्हणजे भावना किंवा वेदना. आपला सहानुभूती शब्द तंतोतंत तसाच आहे : सह आणि अनुभूती. शब्द चांगलाच आहे. पण निवडणुकीत सहानुभूतीची लाट, भाषणात सहानुभूती, असं वापरून वापरून तो पातळ झालाय. म्हणून आज बाया म्हणतात, "आम्हाला सहानुभूती नको, काम द्या."

तिसरी बाई जवळ येते आणि विचारते, "कुठं रुततंय? चुंबळ सरकली का?" ती स्वतः भारा वाहिलेली असते किंवा नसते, पण त्या मानेला आत्ता काय होत असेल ते समजून घ्यायचा प्रयत्न करते. ही एम्पथी. हा शब्द इंग्रजीत फार जुना नाही. साधारण १९०९ च्या सुमारास टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एका जर्मन शब्दावरून तो इंग्रजीत आणला. त्या जर्मन शब्दाचा अर्थ 'आत शिरून जाणणे'. मराठीत त्याला समानुभूती म्हणतात, कुणी सहवेदना म्हणतात. एम्पथीची खूण अशी की ती आधी विचारते, मग बोलते.

पिटी आणि एम्पथी यांतला फरक सगळ्यांत जास्त कळतो तो नवरा गेलेल्या बाईला. तिला 'बिचारी' म्हणणारेच तिच्या बांगड्या फोडायला पुढं असतात, आणि हळदीकुंकवाला तिला मागं बसवतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. त्या ठरावात बिचारी म्हणणं नाही. तिला काय सोसावं लागतं ते ओळखून गावानं आपली रीत बदलली. आपल्या बोलण्यात 'विधवा'ऐवजी 'एकल महिला' आलं, तेही याच वाटेनं आलं.

अजून एक शब्द, कम्पॅशन. त्याला मराठीत अनुकंपा. अनुकंपा म्हणजे दुसऱ्याच्या थरथरण्यासोबत आपणही थरथरणे. हा शब्द गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण 'अनुकंपा तत्त्वावर नोकरी' म्हणून. सरकारी नोकरीतला कर्ता माणूस गेला तर घरातल्या पात्र व्यक्तीला नोकरीसाठी अर्ज करता येतो. त्याला मुदत असते. कुणाच्या घरी तशी वेळ आली, तर दिवस उरकल्यावर लगेच कार्यालयात चौकशी करायची आठवण द्या. थरथरणं मनातलं असतं, अर्ज मात्र कागदावर लागतो.

कम्फर्ट म्हणजे मऊ नव्हे, मजबूत

कम्फर्ट म्हटलं की आपल्याला किराणा दुकानातली पुडी आठवते. कपडे धुतल्यावर मऊ आणि वासाचे व्हावेत म्हणून पाण्यात टाकतात ती. कम्फर्टेबल म्हणजे आरामशीर, गादीवर टेकून बसल्यासारखं.

पण या शब्दाच्या पोटात गादी नाही. लॅटिनमध्ये फोर्टिस म्हणजे मजबूत, बळकट. त्यावरून कम्फर्ट. मूळ अर्थ बळ देणे. आपण म्हणतो धीर देणे, अगदी तेच. सांत्वन करणारी बाई रडणारीचे डोळे पुसते, आणि तिच्या पायात उभं राहायचं बळही आणते. पहिलं काम सोपं आहे, दुसरं कठीण.

आपल्याकडं स्पर्धेत तीन नंबरांनंतर 'उत्तेजनार्थ' बक्षीस देतात. इंग्रजीत त्याला म्हणतात कन्सोलेशन प्राइज, म्हणजे सांत्वनाचं बक्षीस. इंग्रजी म्हणते, हरलास, वाईट वाटून घेऊ नको. मराठी म्हणते, पुढच्या वेळी जोर लाव. इथं मराठी शब्दच कम्फर्टच्या मूळ अर्थाच्या जास्त जवळ गेलाय.

मग गावात बळ देणं म्हणजे काय? कर्ता माणूस अपघातात गेला, तर बाईच्या डोक्यात त्या दिवसांत कागद येत नाहीत. तिच्या वतीनं कुणीतरी ते डोक्यात ठेवावे लागतात. शेतात वीज पडून, साप चावून, विजेचा धक्का बसून किंवा रस्त्यावर अपघातात शेतकरी गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात वेळेत अर्ज लागतो. त्याचं पासबुक काढून बघा. वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर ती अपघात विम्याची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. ४३६ रुपये कापले जात असतील तर ती जीवन ज्योती विमा योजना. दोन्हींची रक्कम २ लाख. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला हे कागद एका पिशवीत घालून जपायला सांगा.

कुणी म्हणेल, मयताच्या घरी पैशाचं काय बोलायचं? पहिल्या दिवशी बोलू नयेच. पण तेराव्यापर्यंत सगळ्याच गप्प राहिल्या आणि मुदत टळली, तर नंतर कितीही रडलं तरी ती परत येत नाही. गटातल्या एका समंजस बाईनं हे काम अंगावर घ्यावं आणि घरातल्या शांत माणसाशी हळूच बोलावं.

टेक केअर : कुणी कुणाची?

केअर म्हणजे काळजी. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत केअर म्हणजे दुःख, चिंता. नंतर त्याला सांभाळणे हा अर्थ आला. मराठीतही काळजीचे हेच दोन अर्थ आहेत. 'काळजी करू नको' यात चिंता, 'काळजी घे' यात सांभाळणं. लांबच्या दोन भाषांनी एकच गोष्ट ओळखली : ज्याची चिंता वाटते, त्यालाच आपण जपतो.

'टेक केअर' म्हणजे स्वतःला जप. फोन ठेवताना म्हणायला छान आहे. पण तो शब्द काळजी घ्यायचं काम समोरच्यावरच सोपवतो. कॅन्सरच्या नवऱ्याचं सगळं करणाऱ्या बाईला आपण टेक केअर म्हणतो. तिनं स्वतःला कधी जपायचं? तिथं "मंगळवारी दुपारी मी दादांजवळ बसते, तू जरा झोप" हे वाक्य टेक केअरपेक्षा मोठं आहे.

आजारी माणसाला 'गेट वेल सून', लवकर बरे व्हा, हे चालतं. पण आजार बरा होणारा नसेल आणि त्यालाही ते माहीत असेल, तर हा शब्द टोचतो. तेव्हा "भेटायला आलेय, बसू का थोडं?" एवढं बस आहे. समाचाराला जाणं म्हणजे शेवटी बसणंच असतं.

काउन्सेलिंग म्हणजे उपदेश नव्हे

आता सगळ्यांत महत्त्वाचा शब्द. काउन्सेलिंगला मराठीत समुपदेशन म्हणतात आणि त्या शब्दात 'उपदेश' बसलेला आहे. त्यामुळं बायांना वाटतं, तिथं गेलं की ऐकून घ्यावं लागणार : सांभाळून घे, नवऱ्याचं ऐक, लेकरांकडं बघ. म्हणून गरज असूनही त्या जात नाहीत.

चांगला समुपदेशक उपदेश करत नाही. तो आधी ऐकतो, प्रश्न विचारतो, मनातला गुंता सुटा करायला मदत करतो. निर्णय आपलाच असतो. तिथं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. बांधावर घसरून पाय मुरगळला तर आपण दाखवतोच ना? मनाचंही तसंच.

आपल्या मराठवाड्यात कर्ज आणि नापिकीपायी कितीतरी घरांतली माणसं जीव देऊन गेली. त्या घरांतल्या बायकांना सिम्पथी पुष्कळ मिळाली. पुढारी आले, फोटो निघाले. पण रात्री झोप का लागत नाही, हे विचारणारं कुणी नव्हतं. आता त्यासाठी एक नंबर आहे : १४४१६. टेलिमानस त्याचं नाव. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू केली. फोन फुकट, दिवसा-रात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. कुणी सारखं "आता जगून काय उपयोग" असं बोलत असेल, तर ते थट्टेवारी नेऊ नका. तिला थेट विचारा, "जिवाचं काही करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. तिला एकटीला सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवा, आणि आशाताईंना किंवा १४४१६ ला लगेच फोन करा. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे नंबर आहेत.

मग म्हणायचं तरी काय?

आपल्याच भाषेतली काही वाक्यं आपण सवयीनं बोलतो. "देवाला आवडला." "सुटला बिचारा." "रडू नको, लेकरांकडं बघ." "माझ्या भावजयीचं तर याहून वाईट झालं." इंग्रजीतली 'बी स्ट्राँग' आणि 'मूव्ह ऑन' हीसुद्धा त्यांचीच भावंडं. मनात वाईट नसतं, पण ऐकणारीला वाटतं की हिला माझं रडणं नको झालंय.

त्याऐवजी ही वाक्यं बघा. "मला काय बोलावं सुचत नाही, पण मी आलेय." "त्यांची आठवण सांग ना." "रड, मी इथंच बसलेय." "उद्या सकाळी पाणी मी भरते." "हप्त्याचं आज मनात आणू नको, बैठकीत आम्ही बोलतो." यातलं एकही वाक्य इंग्रजी नाही, पण कन्डोलन्स, एम्पथी, कम्फर्ट आणि केअर हे चारही शब्द यात आहेत.

आणि भेट एकदाच नको. पहिल्या तेरा दिवसांत घर भरलेलं असतं. खरा रिकामेपणा त्यानंतर सुरू होतो. महिन्यानं जा, पहिल्या सणाला जा, कापूस वेचायला बोलवायला जा. आपल्या गटांना एक काम सुचवते. पुढच्या बैठकीत ठरवा, की गटातल्या कुणाच्या घरी दुःख झालं तर कोण भाकरी नेणार, कोण कागद बघणार आणि महिन्याभरानं कोण भेटणार. तीन नावं वहीत लिहून ठेवा. मोबाईलवर श्रद्धांजलीही टाका, त्याला ना नाही. पण ती टाकून झाली की चपला घाला.

पुढच्या भागात रेशन आणि आधारच्या कागदांवरचे शब्द घेऊ. तोवर तुमच्या गावात दुःखाच्या वेळी कोणते जुने शब्द वापरतात, ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.